बातम्या संपल्या की पानं घेते

आमच्या लहानपणी घरात वेळ सांगणाऱ्या दोन गोष्टी होत्या. एक भिंतीवरचं घड्याळ, ते कायम सात-आठ मिनिटं पुढे असायचं. आणि दुसऱ्या दूरदर्शनच्या संध्याकाळच्या मराठी बातम्या. बातम्या लागल्या की आई स्टोव्ह बारीक करायची आणि पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. बसायची कधीच नाही. चौकटीला खांदा टेकून उभ्याउभ्याच सगळं ऐकायची. शेवटी बातम्या देणाऱ्या बाईंनी नमस्कार केला की हिचेही हात नकळत जोडले जायचे. आणि मग ठरलेलं वाक्य : "चला, बातम्या संपल्या. पानं घेते."

आज आई सत्त्याऐंशीची आहे आणि ठाण्याला माझ्याकडे असते. परवा रात्री साडेनऊ झाले तरी ती टीव्हीसमोरून उठेना. मी दोनदा हाक मारली, पोळ्या गार झाल्या म्हटलं, तर हात वर करून म्हणाली, "अगं, बातम्या संपू देत की!"

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की ती दुपारी चारपासून बातम्या संपायची वाट पाहत होती. सहा चौकटींतली सहा माणसं एकमेकांवर ओरडत होती, खाली लाल पट्टी धावत होती, वर दुसरी पट्टी लुकलुकत होती. नमस्कार कोणी करतच नव्हतं. मग ही उठणार कधी?

तुमच्याकडेही एखादी आई, सासूबाई किंवा निवृत्त झालेले सासरे असे टीव्हीसमोर अडकून पडलेले असतील. म्हणून म्हटलं, या बातम्यांच्या पेटीविषयी एकदा नीट लिहावं.

वाड्यातली पेटी

आपल्या देशात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत, तोही प्रयोग म्हणून. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यातही मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात टीव्ही आला तो अर्थातच मालकांकडे. लाकडी पेटी, तिला सरकती दारं, वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर प्लॅस्टिकचा मोर. आम्ही बिऱ्हाडकरूंची मुलं चपला बाहेर ओळीत काढून, हातपाय धुऊन, जमिनीवर बसायचो. मालकीणबाईंचा त्या दिवशीचा रागरंग पाहून आत शिरायचं की नाही ते ठरायचं. वारा सुटला की गच्चीवरची अँटेना फिरे. मग एक जण वर, एक जिन्यात, एक खिडकीत, आणि "आलं, आलं... गेलं!" असा पुकारा चाले.

टीव्ही बाळगायला तेव्हा परवाना लागायचा हे आता सांगितलं तर नातवंडांना खोटं वाटतं. पोस्टात जाऊन दर वर्षी पैसे भरायचे. १९८५ साली ते बंद झालं.

बातम्या देणारी माणसं तर घरचीच झाली होती. भक्ती बर्वे, अनंत भावे, ज्योत्स्ना किरपेकर. स्मिता पाटील सिनेमात जाण्याआधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या, आणि तिथेच श्याम बेनेगलांनी त्यांना हेरलं. आणि प्रदीप भिडे. १९७४ पासून किती वर्षं तो धीरगंभीर आवाज आमच्या घरात घुमला! २०२२ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा आईने त्या दिवशी रात्री भातावर तूप घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, रोज घरी यायचे ते."

त्यांच्या साड्या, त्यांचे अंबाडे, कपाळाची टिकली यांवर दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा होई हे खरं. पण बातमी सांगताना त्यांच्या भुवया कधी वर चढल्या नाहीत. बातमी आनंदाची की दुःखाची हे आमचं आम्हाला ठरवू द्यायचे.

सगळंच काही गोड नव्हतं

आता तुम्ही म्हणाल, झालं, ही बाई जुन्या दिवसांचे गोडवे गायला बसली. तसं नाही हो. त्या बातम्यांना एक मोठंच व्यंग होतं, ते म्हणजे त्या सरकारच्या होत्या. कोणत्या मंत्र्यांनी कोणत्या पुलाचं उद्‌घाटन केलं हे पहिलं, आणि बाकीचं जग त्यानंतर. आणीबाणीत, म्हणजे १९७५ ते ७७ या काळात, कोण तुरुंगात आहे हे दूरदर्शनवरून कळण्याची सोय नव्हती. ते कळायचं वाड्यातल्या कुजबुजीतून. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीला रामलीला मैदानावर विरोधी पक्षांची प्रचंड सभा होती, तर लोकांनी घरीच बसावं म्हणून त्या संध्याकाळी टीव्हीवर 'बॉबी' लावला अशी हकिगत प्रसिद्धच आहे. लोक सिनेमा सोडून सभेला गेले ही तिची पुढची ओळ.

आणि ३१ ऑक्टोबर १९८४. सकाळीच इंदिराबाईंवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. बीबीसी रेडिओने त्या गेल्याचं सांगून टाकलं, साऱ्या जगाला कळलं, आणि आपल्याकडे आकाशवाणी-दूरदर्शन संध्याकाळपर्यंत गप्प. शेवटी सलमा सुलतान यांनी दूरदर्शनवर ती बातमी वाचली. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. दिवसभर वडील ट्रान्झिस्टर कानाला लावून कोपऱ्यात बसले होते. त्यांचं तोंड पाहूनच आम्हाला कळलं होतं.

तेव्हा बातमी दडवणं काय असतं ते आमच्या पिढीने पाहिलंय. म्हणूनच १९९१-९२ च्या सुमारास केबलवाला गच्चीवरून काळी वायर टाकत आला तेव्हा आम्हाला मोकळं वाटलं होतं. आखाती युद्ध लोकांनी घरबसल्या परदेशी वाहिनीवर पाहिलं. २ ऑक्टोबर १९९२ ला 'झी' सुरू झालं. १९९५ च्या फेब्रुवारीत तर सर्वोच्च न्यायालयाने निकालच दिला, की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. दोन वर्षांनी प्रसार भारती हे महामंडळ अस्तित्वात आलं आणि दूरदर्शन त्याच्याकडे गेलं. म्हणजे कागदावर तरी सरकारपासून वेगळं झालं. बातम्यांची चव फारशी बदलली नाही असं आपलं माझं मत.

पुढे २००७-०८ या दोन वर्षांत मराठीतही चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या एकामागून एक आल्या. मुंबई-पुण्याबाहेरचा महाराष्ट्र टीव्हीवर दिसायला लागला तो त्यांच्यामुळे, हे कबूल केलंच पाहिजे. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या बायकोचा चेहरा त्याआधी आपण कितीदा पाहिला होता?

पण त्याच काळात २६ नोव्हेंबर २००८ ची रात्रही आली. ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस. कमांडो कुठून उतरताहेत, कुठल्या मजल्यावर कोण आहे, सगळं थेट. आपण जागून पाहिलं, मीही पाहिलं. ते पाहून पलीकडच्या देशात बसलेले लोक आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबच्या फाशीचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना या गोष्टीबद्दल स्पष्ट शब्दांत फटकारलं. २०१५ मध्ये नियमही आला, की अशी कारवाई चालू असताना थेट चित्रण दाखवायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच द्यायचं.

आयर्विन पूल आणि पडणारं घर

आता जी गोष्ट सांगणार आहे ती घरातली आहे.

माझा मोठा भाऊ सांगलीला असतो, गावभागात, कृष्णेपासून चालत काही मिनिटांवर. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात कृष्णा चढायला लागली. सांगलीत पुराची भाषा म्हणजे आयर्विन पुलाचे फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ चा मोठा पूर दादाने पाहिला होता, त्यामुळे वहिनीने धान्याचे डबे माळ्यावर चढवले, देव वर नेले, आणि फोनवर आम्हाला म्हणाली, "काळजी करू नका, आम्हाला सवय आहे." त्यानंतर वीज गेली. मग फोन गेले. पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. म्हणजे २००५ च्याही वर.

आम्ही इकडे ठाण्याला टीव्ही लावून बसलो. हिंदी वाहिन्यांवर काश्मीर, कारण ५ ऑगस्टलाच ३७० कलमाचा निर्णय झाला होता. ६ तारखेच्या रात्री सुषमा स्वराज गेल्या, मग तेच. सांगली-कोल्हापूर बुडतंय हे देशाला कळायलाच दोन-तीन दिवस लागले. मराठी वाहिन्यांनी मात्र पूर दाखवला. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून बोलणारी तरुण मुलं-मुली होती, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण स्टुडिओत बसलेल्यांना बहुधा तेवढं पुरत नव्हतं. एका वाहिनीने एक चित्रफीत धरली : एक दुमजली घर हळूहळू कलतं आणि पत्त्यासारखं पाण्यात कोसळतं. खाली 'सांगलीत हाहाकार'. मागे ढणढणाट करणारं संगीत. ते घर दर पाच मिनिटांनी पडत होतं.

आई म्हणाली, "हे आपल्या गल्लीतलं आहे. तो कोपऱ्यावरचा वाडा."

मी म्हटलं, "नाही गं." पण मला तरी कुठे खात्री होती? कोणती गल्ली, कोणता दिवस, किती वाजताचं, कोणी सांगतच नव्हतं. आईने त्या दिवशी रात्री जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही नको म्हणाली. घर पुन्हापुन्हा पडत होतं आणि ती प्रत्येक वेळी पदर तोंडावर धरत होती. मी टीव्ही बंद केला तर म्हणाली, "लाव. दादा दिसेल कदाचित." संध्याकाळी तिचा रक्तदाब इतका चढला की डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. त्यांनी गोळी दिली, इंजेक्शन दिलं, आणि जाताना टीव्हीकडे बोट करून म्हणाले, "हे आधी बंद करा."

बरं, टीव्ही बंद करून मोबाइल उघडावा तर तिकडे निराळाच कहर. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, 'धरणाला तडा गेलाय, तासाभरात सांगली उरणार नाही.' पाठवणारे आमचे मावसमामा बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांना विचारलं, "कोणी सांगितलं?" तर म्हणे, "सगळीकडे फिरतंय." मला त्या क्षणी काय हवं होतं सांगू? कोणीतरी शांत चेहऱ्याने समोर यावं आणि सांगावं, की आत्ता आयर्विन पुलाला पाणी इतकं आहे, कोयनेतून इतकं सोडलंय, अलमट्टीतून इतकं जातंय, गावभागातली माणसं अमुक शाळेत हलवली आहेत, आणि धरण फुटल्याची बातमी खोटी आहे. एवढंच. मिनिटभराचं काम. ते चोवीस तास चालणाऱ्या त्या वाहिनीवर मला मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी मिरजेहून दादाच्या मित्राचा फोन आला. दादा-वहिनी सुखरूप होते, बोटीतून काढून मित्राकडेच आणलं होतं. घरात साडेसहा फूट पाणी, पण घर उभं. वहिनी फोनवर पहिलं काय बोलली असेल? "माळ्यावरचे डबे कोरडे आहेत हो वन्सं!"

आणि ते पडणारं घर? महिन्याभराने कळलं, ते सांगलीतलं नव्हतंच. महाराष्ट्रातलंही नव्हतं.

मी त्या वाहिनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की आपण उशीर केलात. तेव्हा मला हे कळलं आणि तुम्हालाही माहीत असावं म्हणून सांगते : वृत्तवाहिन्यांनी स्वतःच तक्रारींसाठी एक प्राधिकरण नेमलेलं आहे, अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती असतात. पण तक्रार आधी वाहिनीकडे करायची आणि बातमी दाखवल्यापासून सात दिवसांच्या आत. तिथे समाधान झालं नाही तरच प्राधिकरणाकडे. शिवाय ती वाहिनी त्या संघटनेची सभासद हवी. तेव्हा तक्रार करायची असेल तर तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव लगेच वहीत टिपून ठेवा. दुधाच्या हिशेबाच्या वहीत चालेल. माझी वही कोरी होती.

असं का होतं?

वर्तमानपत्रात नोकरी केलेल्या आमच्या ह्यांच्या एका मित्रांना मी एकदा जेवायला बोलावून सरळ विचारलं, की बातम्यांच्या नावाखाली ही भांडणं का दाखवता हो? त्यांनी जे सांगितलं ते कोणत्याही गृहिणीला दोन मिनिटांत कळेल असं आहे.

गडचिरोलीला बातमीदार पाठवायचा तर गाडी, कॅमेरा, दोन माणसं, मुक्काम, आणि हाती लागणार चार मिनिटांची बातमी. त्याऐवजी आठ जणांना घरूनच चौकटीत बसवायचं आणि भांडण लावून द्यायचं. तासभर निघतो आणि खर्च जवळजवळ नाही. आपण पाहुणे अचानक आले की काय करतो? आहे त्या भाजीत पाणी वाढवून रस्सा करतो. तसाच हा रस्सा. फरक एवढाच, की आपण तो एखाद्या दिवशी करतो.

वर्तमानपत्राला निदान आपण रोज पैसे मोजतो. बहुतेक वृत्तवाहिन्या आपल्याला फुकटात नाहीतर रुपया-दोन रुपयांत मिळतात. त्यांचं पोट जाहिरातींवर, आणि जाहिराती कोणाला किती हे ठरतं प्रेक्षकसंख्येच्या आकड्यावर. तो आकडा काढायला देशभरात ५०-६० हजार घरांत मीटर बसवलेले आहेत. २०२० साली टीव्ही असलेली घरं होती सुमारे एकवीस कोटी. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, पण शीत फारच लहान. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी काही मीटरवाल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या लावायला सांगितल्याचा गुन्हा नोंदवला. तो खटला पुढे मागे घेतला गेला, ते असो. पण त्या प्रकरणानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणंच थांबलं, ते मार्च २०२२ पर्यंत. मला वाटलं, आता परीक्षाच नाही तर पोरं शांत बसतील. कुठलं काय! ओरडण्याची सवय लागली की लागली.

त्याच २०२० मध्ये एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर काही महिने काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तपास पोलिसांचा, निकाल निवेदकांचा. एका तरुण मुलीच्या घराच्या जिन्यात कॅमेरे घुसले होते. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की तपास चालू असताना असे समांतर खटले चालवणं म्हणजे न्यायाच्या कामात अडथळा आहे. निकाल वाचून मला बरं वाटलं. पण त्या मुलीच्या आईचे ते महिने कोणी परत देणार होतं का?

आणि एक लक्षात घ्या, आपणही पाहिलंच की. मी पोळ्या लाटतालाटता वाकून पाहत होते. हे कबूल केल्याशिवाय पुढे लिहिणं बरं नाही.

नातीचा फोन आणि यंत्राची बाई

आता पुढे काय? आमच्या नातीला मी विचारलं, "तू बातम्या कुठे पाहतेस?" ती म्हणाली, "पाहत नाही, येतात." फोनवर येतात म्हणे, आपोआप. तिच्या घरी टीव्हीचा पडदा केवढा थोरला आहे, पण त्याला केबल नाही, डिश नाही. आणि हे तिचंच नाही. पैसे भरून घेतलेल्या डिशची घरं एकेकाळी देशात सात कोटींच्या आसपास गेली होती, ती आता सहा कोटींच्या खाली आली आहेत. वाहिन्या मात्र नऊशेच्या घरात, त्यांतल्या चारशेच्या आसपास बातम्यांच्या! ताटं कमी आणि वाढपी जास्त, अशी ही पंगत.

गच्चीवरची ती जुनी अँटेना तर इतिहासजमा झाली. दूरदर्शनची जमिनीवरची जुनी प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद करण्यात आली. त्याऐवजी दूरदर्शनची 'फ्री डिश' आहे, २००४ पासून. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचं बिल नाही. गावाकडे चार कोटींहून जास्त घरांत तीच आहे. ज्यांना मालिका फारशा लागत नाहीत आणि 'सह्याद्री' पुरतं, त्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने फोनवर पाहण्यासाठी 'वेव्हज' नावाचं ॲपही काढलं. जुन्या मालिका, बातम्या, सगळं त्यावर.

त्याआधी मे २०२४ मध्ये 'डीडी किसान'वर दोन नवे निवेदक आले, क्रिश आणि भूमी. दिसायला नीटनेटके, बोलायला स्वच्छ. पण ती माणसंच नव्हेत. संगणकाने घडवलेले चेहरे, पन्नास भाषा बोलू शकतात, दमत नाहीत, रजा मागत नाहीत. मी आईला दाखवलं. तिने चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हिला ठसका लागत नाही का?"

'आमची माती, आमची माणसं' पाहणाऱ्या पिढीला हे पचायला जड जाणारच. पण मला खरी भीती त्या भूमीची नाही. ती निदान सांगून-सवरून यंत्र आहे. उद्या कोणी तसाच चेहरा घेऊन, तसाच आवाज काढून, 'धरण फुटलं' म्हणून सांगितलं तर? पडणारं घर तर आता दुसऱ्या राज्यातून आणायचीही गरज नाही, यंत्र पाहिजे तसं घडवून देतं. त्या वेळी "हे खोटं आहे" असं सांगणारं, आणि ज्याच्या सांगण्यावर आपला विश्वास बसेल असं, कोणी उरलेलं असेल का? दूरदर्शनने ते काम करावं असं मला फार वाटतं. पैसा आपला आहे, लहरी आपल्या आहेत. पण त्यासाठी सरकारचं चुकलं तरी ते त्याच शांत चेहऱ्याने सांगता आलं पाहिजे, आणि तिथे गाडी अडते. २०२० च्या टाळेबंदीत 'सह्याद्री'वर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' लागायचं तेव्हा आमच्या कामवाल्या ताईंची दोन मुलं आमच्याच हॉलमध्ये बसून ते पाहायची. फोन त्यांच्याकडे एकच, तोही ताईंच्या पर्समध्ये. लोकांना हवं ते देता येतं, मनात आणलं तर येतं.

आमच्या घरापुरतं म्हणाल तर आम्ही काही मोठं केलेलं नाही. फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. त्यावर आयर्विन पुलाचे इशाऱ्याचे आणि धोक्याचे फूट, सांगलीच्या जिल्हा नियंत्रण कक्षाचा फोन, मिरजेच्या मित्राचा फोन. टीव्हीचा रिमोट दुपारभर माझ्या शिवणाच्या डब्यात असतो. आईला ते माहीत आहे आणि मला माहीत आहे की तिला माहीत आहे. जेवताना बातम्या नाहीत, हा नियम ह्यांनी दोनदा मोडला, मग वाढणं बंद झाल्यावर पाळायला लागले. ग्रुपवर काही भीतीदायक आलं की मी एकच प्रश्न टाकते : "कुठलं, कधीचं, कोणी पाहिलं?" मावसमामा माझ्यावर नाराज आहेत. असू देत.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली, पंचावन्न फुटांच्या आसपास गेली. या वेळी दादा-वहिनी पंचेचाळीसला पोचायच्या आधीच मिरजेला गेले होते. आई तिच्या खुर्चीत बसली होती, टीव्ही बंद. तिने मला हाक मारली.

"अगं, पुलाला किती?"

मी नियंत्रण कक्षाला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाज बसलेला, रात्रभर बोलत असावी. तिने आकडा सांगितला, किती वाजताचा ते सांगितलं, आणि पाणी दर तासाला किती इंचांनी वाढतंय तेही सांगितलं. मी तेच आईला सांगितलं.

"बरं," आई म्हणाली, आणि खुर्चीचा हात धरून उठली. "पानं घे."